डेबिट कार्ड बंद करून रोजचे व्यवहार: यूपीआय पिन, रोख, आणि फोन हरवला तर?

खिसापाकीट:
बचत खात्याचं डेबिट कार्ड बंद करायचं म्हणतोय. दरवर्षी शुल्क कापतात, वर १८ टक्के जीएसटी, आणि कार्ड बाहेर निघतं ते क्वचित कधी एटीएमला. बाकी सगळं यूपीआयवर चालतं. पण बंद करायच्या आधी काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

१) पिन विसरलो किंवा फोन बदलला तर कार्डाशिवाय यूपीआय पिन पुन्हा बनवता येतो का?
२) रोख कशी काढायची? दर वेळी बँकेत रांग लावणं जमणार नाही.
३) दोन सबस्क्रिप्शनचे पैसे कार्डावरून जातात आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा (दरमहा गुंतवणुकीचा) मँडेटही, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, कार्ड वापरूनच केला होता. त्यांचं काय होईल?
४) फोनच हरवला तर?
५) आईचं जनधन खातं आहे, फोन बटणांचा. तिचंही कार्ड बंद करावं का?

शाखेत विचारलं तर "कार्ड घ्यावंच लागतं" म्हणाले. तसा नियम आहे?

काउंटर_तीन:
शेवटचं आधी. तसा नियम नाही. उलट रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात स्पष्ट लिहिलंय की बँकेने ग्राहकावर डेबिट कार्डाची सक्ती करायची नाही आणि दुसरी कुठलीही सेवा मिळण्यासाठी कार्ड घेण्याची अट घालायची नाही. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का मागितला की "करावंच लागतं"चा सूर बराच खाली येतो.

अर्जात शब्द नीट वापरा. कार्ड "ब्लॉक" करणं आणि "बंद" करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमधून किंवा फोनवरून ब्लॉक केलेलं कार्ड बँकेच्या नोंदीत जिवंतच राहतं, त्यामुळे वार्षिक शुल्क लागत राहू शकतं. काही बँका मुदत संपताना नवं कार्ड आपोआप छापून घरी पाठवतात. म्हणून अर्जात लिहा: "कार्ड कायमचे रद्द करावे, त्याऐवजी नवीन कार्ड देऊ नये, नूतनीकरण करू नये." शुल्क साधारण कार्ड दिल्याच्या महिन्यात कापलं जातं. पासबुकात तो महिना शोधा आणि अर्ज त्याच्या आधी द्या. शुल्क कापून झाल्यावर गेलात तर ते परत मिळवण्यात वर्ष जातं.

पण अर्ज देण्यापूर्वी नेटबँकिंग किंवा बँकेचं स्वतःचं ॲप चालू करून घ्या. बऱ्याच बँकांत घरबसल्या नोंदणीसाठी कार्डाचा नंबर आणि एटीएम पिन लागतो. कार्ड गेल्यावर तीच नोंदणी शाखेत अर्ज भरून, कागदी किट किंवा तात्पुरता पासवर्ड घेऊन करावी लागते. आणखी एक खोच म्हणजे काही बँका पैसे पाठवताना कार्डाच्या मागच्या चौकटीतले आकडे विचारतात. तुमच्या बँकेत तसं असेल तर आधी मंजुरीचा प्रकार ओटीपीवर बदलून घ्या, नाहीतर लॉगिन होईल पण पैसे हलणार नाहीत.

पिनचं उत्तर: येतो. २०२२ पासून यूपीआय पिन आधार ओटीपीवर बनवता येतो. ॲपमध्ये खातं निवडा, "पिन सेट" किंवा "पिन विसरलो" दाबा, कार्डाऐवजी आधारचा पर्याय घ्या, संमती द्या, आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे टाका. मग ओटीपी येतात, एक आधारचा आणि एक बँकेचा. पाठवणाऱ्याचं नाव बघून ज्याचा त्याच्या रकान्यात टाका. घाईत यांची अदलाबदल होते आणि माणूस "ओटीपी चुकीचा" म्हणत बसतो. त्यानंतर नवा चार किंवा सहा आकडी पिन.

अटी दोन. आधार त्या खात्याला जोडलेला हवा, आणि आधारला दिलेला मोबाइल नंबर व बँकेत दिलेला नंबर एकच हवा. दुसरीच जास्त जणांना नडते.

कार्ड हातात असतानाच एकदा आधारच्या वाटेने पिन बदलून बघा. झाला तर निर्धास्तपणे अर्ज द्या. नाही झाला तर कुठे अडतंय ते कळेपर्यंत कार्ड राहू द्या.

खिसापाकीट:
लगेच करून पाहिलं. एका ॲपमध्ये आधारचा पर्याय आहे पण "तपशील जुळत नाहीत" येतं. दुसऱ्या ॲपमध्ये तर नोंदणीच होत नाही, एसएमएस पाठवताना अडकतं.

काउंटर_तीन:
दोन्ही वेगळी दुखणी आहेत.

एसएमएसचं सोपं आहे. नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून बँकेच्या यंत्रणेकडे एक एसएमएस पाठवतं, त्यावरून फोन आणि नंबर एकमेकांना बांधले जातात. रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएस नसतील आणि मुख्य बॅलन्सही शून्य असेल तर तो एसएमएस निघतच नाही. दोन सिम असतील तर चुकीच्या सिमवरून जातो. बँकेतला नंबर ज्या सिमचा आहे तेच एसएमएससाठी निवडा, नोंदणी होईपर्यंत दुसरं सिम बंद ठेवा, ॲपला एसएमएसची परवानगी द्या, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करा.

"जुळत नाहीत" यामागे साधारण तीन कारणं असतात. आधारचा मोबाइल नंबर जुना आहे (आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर नंबर पडताळायची सोय आहे, तिथे आधी बघा). किंवा आधार बँकेत नुसता केवायसीचा कागद म्हणून दिलाय, प्रणालीत खात्याला जोडलेलाच नाही. शाखेत फॉर्म भरून जोडून घ्या. किंवा खातं संयुक्त आहे आणि "दोघांच्या सहीने" चालतं. तशा खात्यावर यूपीआय होत नाही, "दोघांपैकी कोणीही" अशी पद्धत लागते. शिवाय काही छोट्या सहकारी बँकांत आधारची वाट अजून नाही. तिथे ॲपला दोष देऊन उपयोग नाही, कार्ड ठेवा.

गॅस सबसिडीसारखे सरकारी पैसे ज्या खात्यात येतात ती जोडणी वेगळी. ती एका वेळी एकाच बँकेकडे असते. "सबसिडी येते म्हणजे या खात्याला आधार आहेच" हे दुसऱ्या बँकेतल्या खात्याला लागू होत नाही.

आधारमधला नंबर केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, तो ऑनलाइन बदलून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. पोस्टमनकडूनही नंबर बदलून मिळतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

रोजमेळ:
रोखीबद्दल लिहितो.

कार्ड नसताना एटीएममधून पैसे काढायची सध्याची सर्वांत सरळ वाट म्हणजे पडद्यावरचा क्यूआर. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये सगळ्या बँकांना यूपीआयवर कार्डाविना रोख द्यायची मुभा दिली. मशीनच्या पहिल्याच पडद्यावर "यूपीआय कॅश" किंवा "कार्डलेस कॅश" असा पर्याय असतो. तो निवडा, रक्कम टाका, पडद्यावर क्यूआर येईल. फोनवरच्या यूपीआय ॲपने तो स्कॅन करा, खातं निवडा, पिन टाका. फोनवर "यशस्वी" दिसलं तरी जागचे हलू नका. काही मशीन पडद्यावर पुन्हा एक बटण दाबायला सांगतात, मगच नोटा येतात. एका वेळी १० हजारांपर्यंत काढता येतात, बँक मर्यादा यापेक्षा कमी ठेवू शकते. शुल्काचा हिशेब साध्या एटीएमसारखाच: मोफत फेऱ्या संपल्या की प्रत्येक फेरीला जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर.

कुठे बिघडतं तेही सांगतो. क्यूआर थोड्याच सेकंदांत बाद होतो. म्हणून आधी ॲप उघडून स्कॅनर तयार ठेवा आणि मगच मशीनवर रक्कम टाका. एटीएमच्या खोलीत मोबाइलला रेंज नसेल तर सगळंच अडतं. आत शिरल्यावर आधी दांड्या बघा. क्यूआर फक्त पडद्यावरचा. मशीनच्या अंगावर किंवा भिंतीवर चिकटवलेला कागदी क्यूआर रोख काढण्यासाठी कधीच नसतो, तो स्कॅन केलात तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील. आणि सगळ्या मशीनवर ही सोय नाही, म्हणून नेहमीच्या वाटेवरची दोन मशीन हेरून ठेवा.

पैसे कापले गेले पण नोटा आल्या नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देणं बँकेवर बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे. मशीनचा नंबर, वेळ आणि ॲपमधला १२ आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या. तक्रार मशीन ज्या बँकेचं आहे तिच्याकडे करायची नसते, आपल्या बँकेकडे करायची.

दुसरी वाट चेकची. चेकबुक मागून घ्या. "सेल्फ" लिहा, "किंवा धारकास" खोडू नका, कोपऱ्यात दोन रेघा मारू नका (रेघा मारलेल्या चेकवर काउंटरला रोख मिळत नाही), खाडाखोड नको. मागची सही घरी करून नेऊ नका, कॅशियरसमोर करा. सही करून ठेवलेला सेल्फ चेक हरवला तर तो ज्याच्या हाती पडेल त्याचा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. दुसऱ्या शाखेत सेल्फ चेकवर किती देतात याची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. पैसे काढायच्या स्लिपवर मात्र पासबुक सोबत लागतं, खातेदार स्वतः लागतो आणि बहुतेक ठिकाणी आपलीच शाखा लागते.

महिन्यातून एकदा काउंटरला गेलात तर मोठ्या नोटांचं बंडल घेऊन बाहेर पडू नका. स्लिपच्या मागे कुठल्या किती नोटा हव्यात ते लिहून द्या, शंभर-पन्नासच्या जास्त. पाचशेच्या नोटा घरात पडून राहतात आणि सुट्ट्यांसाठी पुन्हा यूपीआयच करावं लागतं.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पगाराचं किंवा ठेवींचं खातं यूपीआयला जोडूच नका. खर्चापुरतं वेगळं बचत खातं ठेवा, किमान शिल्लक लागत नाही असं. मुख्य खात्यातून दर सोमवारी ठरावीक रक्कम तिकडे जाईल अशी स्थायी सूचना नेटबँकिंगमधून द्या. महिन्याचा हातखर्च १२ हजार असेल तर आठवड्याला तीन हजार पाठवले की जमतं. पाच सोमवारांच्या महिन्यात शेवटचा हप्ता थांबवा किंवा पुढे ओढा. यूपीआयची एका दिवसाची मर्यादा साधारण एक लाख रुपये आहे. म्हणजे पिन कोणाच्या हाती लागला तर एका दिवसात लाखभर जाऊ शकतात. खर्चाच्या खात्यात तीनच हजार असतील तर नुकसान तीन हजारांचं. शिवाय बुधवारी शिल्लक ४०० दिसली की हात आपोआप आखडतो. वही न लिहिणाऱ्यालाही हिशेब कळतो.

दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पासबुक भरतं त्यावर उतारा यूपीआय लाइट. यात एकूण पाच हजारांपर्यंत ठेवता येतात, एका वेळी एक हजारापर्यंत बिनपिनचे जातात आणि पासबुकात फक्त पैसे भरल्याची एक नोंद पडते. चहा, भाजी, रिक्षा सगळं त्यातून. पण पिन लागत नाही म्हणजे उघडा फोन हाती पडलेल्यालाही लागत नाही. हजार-दीड हजारांच्या वर भरू नका, आपोआप भरायची सोय बंद ठेवा. फोन विकण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी लाइट बंद करून रक्कम खात्यात परत घ्या.

खिसापाकीट:
वेगळ्या खात्याची कल्पना आवडली. पण त्या नव्या खात्यासोबतही कार्ड गळ्यात मारतील ना?

रोजमेळ:
मारतील. खातं उघडतानाच्या फॉर्मवर डेबिट कार्डाचा रकाना असतो, बऱ्याचदा आधीच टिक केलेला. तो खोडून बाजूला सही करा. ॲपवरून खातं उघडत असाल तर शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि आधारचा नंबर जुळतो का हे उघडायच्या दिवशीच बघा, म्हणजे पिन लगेच होतो.

वाटाड्या:
तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर.

सबस्क्रिप्शनचा मँडेट कार्डाच्या नंबरावर असतो. कार्ड मेलं की पुढचा हप्ता फसतो आणि सेवा बंद पडते. तेव्हा कार्ड बंद करण्याआधी त्या त्या सेवेत जाऊन पैसे भरण्याचा प्रकार यूपीआय ऑटोपे करा. १५ हजारांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न विचारता जातो. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाला ही मर्यादा एक लाख आहे. हप्ता जाण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यायला हवी. ऑटोपे खर्चाच्या खात्यावर लावलंत तर हप्त्याच्या दिवशी तिथे शिल्लक हवी, एवढं रोजमेळ यांच्या पद्धतीत सांभाळावं लागेल. हप्ते मुख्य खात्यावर ठेवायचे तर ते यूपीआयला जोडावं लागतं. सगळ्या हप्त्यांच्या तारखा सोमवारनंतरच्या दोन दिवसांत येतील असं नाही जमत, पण मधला मार्ग म्हणून स्थायी सूचनेची रक्कम हप्त्यांइतकी वाढवता येते.

एसआयपीचं तसं नाही. डेबिट कार्ड वापरून केलेला ई-नॅच (बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचा) मँडेट खात्यावर असतो, कार्ड फक्त त्या दिवशी ओळख पटवायला लागलं. कार्ड बंद झालं तरी तो चालू राहतो. एसआयपीची रक्कम वाढवून नवा मँडेट करायची वेळ आली तर आधार ओटीपी किंवा नेटबँकिंग निवडा.

परदेशी साइटींचं मात्र अवघड आहे, बऱ्याच ठिकाणी कार्डाशिवाय पुढे सरकत नाही. तिथे क्रेडिट कार्ड. तुमच्या नावावर नसेल आणि उत्पन्नाचे कागद नसतील तर मुदत ठेवीवर मिळतं. ते रुपेचं घेतलंत तर यूपीआयलाही जोडता येतं, पण त्यातून फक्त दुकानदाराला पैसे जातात. मित्राला पाठवता येत नाहीत, आणि विक्रेत्याने गल्ल्यावर स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल तर तिथेही नकार येतो. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. शुल्क लागतंच, वर पहिल्या दिवसापासून व्याज धावतं, बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोखीला नसते.

मेट्रो-बससाठी एनसीएमसी (देशभर चालणारं प्रवासाचं) कार्ड घ्या. प्रीपेड मिळतं, त्यासाठी डेबिट कार्ड लागत नाही. चिपमध्ये दोन हजारांपर्यंत राहतात. हे नोटांसारखं वापरा, चिपमधली रक्कम कार्डासोबत हरवते.

आता फोन हरवण्याबद्दल. कार्ड बंद केल्यावर तुमची सगळी भिस्त एका मोबाइल नंबरावर येते: यूपीआय, नेटबँकिंगचा ओटीपी, आधारचा ओटीपी, एटीएमचा क्यूआर. फोन गेला की चारही एकदम जातात. आणि जे कुणी सांगत नाही ते असं: नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी तो नियम आहे. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही. एसएमएस सुरू होऊन नव्या फोनवर यूपीआय बांधलं तरी आणखी २४ तास पाच हजारांची मर्यादा. काही बँका आयफोनवर हा अवधी ७२ तास ठेवतात. भाड्याची किंवा शाळेच्या फीची तारीख याच दिवसांत आली तर पंचाईत. अशा वेळी चेक कामाला येतो, म्हणून चेकबुक कपाटात हवंच.

त्यामुळे घरात चार-पाच दिवसांचा रोख खर्च बाजूला ठेवा, पाकिटात नाही. बँकेचा फसवणूक कळवायचा नंबर, खाते क्रमांक आणि सिम कंपनीचा नंबर कागदावर लिहून तिथेच ठेवा. फोनमध्ये साठवलेले नंबर फोनसोबतच जातात. हरवल्यावर क्रम असा: आधी सिम बंद, मग बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद, पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). सिमला स्वतःचा पिन लावून ठेवा. तो नसेल तर चोर सिम दुसऱ्या फोनात घालून ओटीपी वाचतो, फोनचं कुलूप कितीही भारी असलं तरी.

शाई_सुकली:
वाटाड्या यांच्याशी सहमत, फक्त एक पर्याय राहिला. शुल्क नगण्य असेल तर कार्ड बंद न करता ॲपमधून त्याचे एटीएम, दुकान, ऑनलाइन असे सगळे प्रकार बंद ठेवता येतात. ही चालू-बंद करायची सोय २०२० पासून बँकांना द्यावीच लागते. फोन गेल्याच्या आठवड्यात शाखेत जाऊन एटीएम तेवढं चालू करून घेता येतं. खिसापाकीट यांचा आक्षेप शुल्कालाच आहे, तेव्हा त्यांना हे पटणार नाही. पण बाकी वाचणाऱ्यांनी शुल्क किती आहे ते आधी बघावं.

आईंचं कार्ड मात्र बंद करू नका. जनधन खात्याचं रुपे कार्ड मोफत असतं, आणि त्यासोबत अपघात विमा येतो: २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला दोन लाख, त्याआधीच्या खात्याला एक लाख. कार्ड गेलं की विमाही गेला. शिवाय दाव्याच्या वेळी कार्ड ठरावीक मुदतीत वापरलं होतं का हे बघतात, म्हणून ते अधूनमधून एटीएमला वापरत राहा.

त्यांना रोजच्या खर्चासाठी कार्डाशिवाय दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे बटणांच्या फोनवरचं यूपीआय १२३पे. ठरावीक नंबरावर फोन करायचा, भाषा निवडायची, आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे. एका वेळी दहा हजारांपर्यंत जातात. नंबर बँकेच्या पासबुकावरून किंवा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या साइटवरूनच घ्या, शोधून मिळालेले बरेच नंबर भामट्यांचे असतात. यूपीआय पिन खात्याला असतो, ॲपला नाही. म्हणून त्यांचं सिम थोडा वेळ स्मार्टफोनमध्ये घालून आधार ओटीपीने पिन बनवा आणि सिम परत बटणांच्या फोनात टाका, तोच पिन चालतो. काम झाल्यावर त्या स्मार्टफोनवरून त्यांचं खातं काढायला विसरू नका.

दुसरी वाट, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर बोटाच्या ठशाने पैसे काढणं. इथे नीट लक्ष ठेवायला हवं. वयामुळे ठसे झिजलेले असतात, एक बोट लागलं नाही तर दुसरं लावून बघतात, ते ठीक. पण "फेल झालं, पुन्हा अंगठा लावा" म्हटल्यावर लगेच लावायचा नाही. आधी पहिल्या व्यवहाराची छापील पावती मागायची, त्यावर "अयशस्वी" लिहिलेलं बघायचं, एसएमएस आलाय का ते बघायचं. पहिला व्यवहार झालेला असतो आणि दुसऱ्या ठशात पुन्हा तेवढेच जातात, ही जुनी युक्ती आहे. एरवी एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवा आणि जायच्या दिवशी थोड्या वेळापुरतं उघडा. मात्र रेशनला ठसा लागत असेल तर तिथेही आधी कुलूप उघडावं लागेल.

आई ७० च्या पुढच्या असतील तर घरपोच रोख सेवेची चौकशी करा, सरकारी बँकांत ती मिळते, शुल्क लागतं.

खिसापाकीट:
यूपीआय सर्कल काढलंय ना, माझ्या खात्यातून आईला खर्च करता यावा म्हणून? ते चालेल का?

शाई_सुकली:
ते स्मार्टफोनवर चालतं. आईंना नाही, पण कॉलेजातल्या मुलाला उत्तम. तुम्ही मुख्य, तो दुय्यम. पूर्ण मुभा दिलीत तर महिन्याला १५ हजार आणि एका वेळी पाच हजार ही कमाल, तुम्ही कमीही ठेवू शकता. अर्धी मुभा दिलीत तर त्याच्या प्रत्येक खर्चाला तुमचा पिन लागतो. तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर तो दुकानात ताटकळत उभा. एका माणसाला पाच जणांपर्यंत जोडता येतं, दुय्यमाला मात्र एकच मुख्य.

काउंटर_तीन:
एक राहिलं, यूपीआयवर अडकलेल्या पैशाचं. ओळखीच्या माणसाला पाठवले, खात्यातून गेले, त्याला मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवस. त्यापुढे इथेही दिवसाला १०० रुपये. "प्रलंबित" दिसत असताना पुन्हा पाठवू नका, दोन्ही वेळचे जातात. तक्रार आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर दाबून, मग बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, माहितीसाठी १४४४८. चुकीच्या नंबरावर स्वतःच पाठवलेले पैसे या नियमात बसत नाहीत. त्यासाठी समोरच्या खातेदाराची संमती लागते, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा.

खिसापाकीट:
आभार. बँकेत पूर्वीचाच नंबर होता, तो आणि आधारचा वेगळा निघाला. आधी तो बदलून घेतो, मग आधारने पिन, मग सबस्क्रिप्शन ऑटोपेवर, आणि शेवटी अर्ज. चेकबुक आजच मागवलं.

काउंटर_तीन:
क्रम बरोबर आहे. बँकेतला नंबर बदलल्यावर काही बँका एक-दोन दिवस मोबाइल बँकिंग बंद ठेवतात, तेव्हा हप्त्यांच्या तारखा टाळून जा. अर्जाच्या प्रतीसोबत कार्ड परत द्यायला सांगितलं तर चिपवरून उभं कापून द्या.